वारा : पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी कृतिपाठ

लहान मुलांना वाऱ्याविषयी काही सांगण्यापूर्वी त्यांना एक प्रश्न विचारून पाहावा : वारा कोण करतो? पहिली-दुसरीच्या वर्गात एखादा तरी मुलगा चटकन उत्तर देतो, ‘झाडं करतात.’ इतर मुलेही माना डोलावतात. अशा वेळी बहुतेक शिक्षक हसून ‘चूक’ म्हणतात, ‘वाहत्या हवेला वारा म्हणतात’ हे वाक्य फळ्यावर लिहितात आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत ते वाक्य बिनचूक येते. पण त्याच मुलाला पुढच्या आठवड्यात पिंपळाखाली उभे करून तोच प्रश्न विचारला, तर तो पुन्हा झाडाकडेच बोट दाखवितो. व्याख्या वहीत गेलेली असते आणि समजूत होती तेथेच असते.

ही समजूत वेडगळ आहे असे मात्र कोणी समजू नये. घरी आजी चूल पेटविताना सुपाने वारा घालते; सूप हलते म्हणून वारा येतो. उकाड्यात आई पदराने वारा घेते. विजेचा पंखा फिरू लागला की वारा लागतो, तो थांबला की वारा पडतो. या सर्व ठिकाणी आधी काहीतरी हलते आणि मग वारा येतो. बाहेर पिंपळ हलत असतो आणि अंगाला वारा लागत असतो. मुलाने त्यावरून जे अनुमान काढले, ते तर्काला धरूनच आहे. उणीव आहे ती निरीक्षणाची. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या कार्यकारणविषयक कल्पनांवर १९२७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिकडच्या मुलांचीही अशीच उत्तरे आहेत. वारा झाडांपासून, ढगांपासून वा माणसाच्या फुंकरीपासून उत्पन्न होतो, असे तीही सांगत. म्हणजे आपल्या खेड्यातील मूल याबाबतीत कोणाहून मागे नाही.

तेव्हा या पाठाचा मुख्य हेतू व्याख्या पाठ करविणे हा नसून, वारा झाडाच्या आधी येतो हे मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहावे, हा असला पाहिजे. त्या दृष्टीने पुढील कृती सुचविल्या आहेत. त्या एका तासात उरकण्याच्या नाहीत. काही आठवडाभर चालतील, एक तर वर्षभर चालेल. साहित्य म्हणून वर्तमानपत्राची रद्दी, काठ्या, दोरा, पुठ्ठा, बादलीभर पाणी आणि गावात सहज मिळणाऱ्या वस्तू पुरेशा आहेत.

आधी हवा

वारा म्हणजे हलणारी हवा, हे समजण्यासाठी हवा नावाची काही वस्तू आहे, हे आधी पटले पाहिजे. मुलांच्या लेखी रिकामा पेला खरोखरच रिकामा असतो. काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवावा, आणि पेला उपडा करून बादलीतील पाण्यात सरळ खाली दाबण्यापूर्वी विचारावे, ‘कागद भिजेल की कोरडा राहील?’ दोन्ही बाजूंची बोटे मोजून आकडे फळ्यावर लिहावेत. हे लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण ज्याने आपले मत आधी दिले आहे, तोच पुढे काय होते ते डोळे लावून पाहतो. पेला सरळ वर काढला की कागद कोरडा निघतो. नंतर पेला पाण्यातच थोडा कलता करावा. बुडबुडे वर येतात आणि कागद भिजतो. ‘बाहेर काय गेले?’ एवढेच विचारून थांबावे. उत्तर मुलांकडून येऊ द्यावे. त्यास थोडा वेळ लागला तरी चालेल.

तिसरी-चौथीच्या मुलांना आणखी एक हिशेब करावयास द्यावा. एक घनमीटर हवेचे वजन एक किलोग्रॅमहून थोडे अधिक भरते. वर्गाची खोली सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व तीन मीटर उंच असेल, तर तिच्यात नव्वद घनमीटर हवा मावते. म्हणजे सुमारे एक क्विंटल. ज्वारीचे भरलेले पोते पाठीवर घेणारा माणूस मुलांनी पाहिलेला असतो. आपल्या ‘रिकाम्या’ वर्गात तेवढ्या वजनाची हवा आहे, हे ऐकून मुले वर पाहू लागतात.

येथे एक सूचना करावीशी वाटते. पाण्यात मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा प्रयोग पुष्कळ ठिकाणी केला जातो, आणि पाणी वर चढते ते प्राणवायू जळून गेल्यामुळे, असे सांगितले जाते. वस्तुतः पाणी चढते ते प्रामुख्याने पेल्यातील तापलेली हवा थंड होऊन आकुंचन पावल्यामुळे. या वयात हा प्रयोग वगळावा. चुकीचे कारण एकदा रुजले की पुढच्या शिक्षकास ते उपटीत बसावे लागते.

हवा हलवून पाहणे

वर्तमानपत्राच्या वीतभर लांबीच्या मासोळ्या कापून त्या वर्गाच्या फरशीवर एका रेषेत ठेवाव्यात. प्रत्येक मुलाने वही किंवा पुठ्ठा मासोळीच्या मागे आपटून तिला समोरच्या भिंतीपर्यंत न्यावयाचे. मात्र वही मासोळीला लागता कामा नये. शर्यत संपली, आरडाओरडा शमला, की एकाच मुलाला पुन्हा बोलवावे आणि सर्वांना विचारावे, ‘वही मासोळीला लागली का?’ नाही. ‘मग मासोळीला काय लागले?’ पेल्याचा प्रयोग पाहिलेल्या वर्गात या प्रश्नाला ‘हवा’ हे उत्तर येतेच. ढकलली गेलेली हवा म्हणजे वारा, ही ओळख मुलास येथे होते. ‘वाहती हवा म्हणजे वारा’ हे वाक्य फळ्यावर लिहावयाचेच असेल, तर ते आता लिहावे.

येथपर्यंत मुलाची जुनी समजूत शाबूत आहे, किंबहुना ती बळकटच झाली आहे, हे शिक्षकाने ओळखून असावे. वही हलली, वारा झाला. तसे झाड हलते, वारा होतो. म्हणून पुढील कृती न करता पाठ येथे सोडला, तर न शिकविलेलेच बरे.

वाऱ्याचा माग

ही कृती या पाठाचा गाभा आहे. तिच्यासाठी मोकळे मैदान किंवा गावाबाहेरचा माळ, त्यावर एखादे एकटे झाड आणि मधूनमधून झुळका येत असतील असा दिवस हवा. वारा एकसारखा सुसाट वाहत असेल तर ही कृती साधत नाही. मुळीच नसेल तर नाहीच नाही.

प्रत्येक मुलाला हातभर काठी द्यावी आणि तिच्या टोकाला वर्तमानपत्राची दोन बोटे रुंदीची लांब पट्टी बांधावी. मग वारा ज्या बाजूने येत आहे त्या बाजूला, झाडापासून दूर, एका सरळ रेषेत मुलांना पाच-पाच पावलांवर उभे करावे. रेषा झाडाखालून जाऊन पलीकडेही काही पावले वाढवावी. झाडाकडे लक्ष ठेवण्यासाठी दोन मुले स्वतंत्र नेमावीत. ज्याची पट्टी उडेल त्याने दुसरा हात वर करावयाचा आणि पट्टी खाली पडली की हात खाली घ्यावयाचा, एवढाच नियम. शिक्षकाने बाजूला उभे राहून काही न बोलता पाहावे.

झुळूक येते. अगदी टोकाच्या मुलाचा हात वर जातो. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, आणि हातांची लाट झाडाकडे सरकत येते. ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यास साठ मीटरची रेषा ओलांडावयास सुमारे पंधरा सेकंद लागतात. मुलांना ती लाट डोळ्यांनी टिपता येते. झाडाची पाने सळसळतात ती त्यानंतर. पहिल्या एक-दोन वेळा गोंधळ होतो. कोणी पट्टी न पाहता शेजाऱ्याचा हात पाहून हात वर करतो, कोणी काठीच हलवितो. तिसऱ्या-चौथ्या झुळकेला मात्र नेमलेली मुले ओरडून सांगतात की झाड मागून हलले.

एखादा चतुर मुलगा येथेही हार मानीत नाही. ‘गुरुजी, तो वारा लांबच्या झाडाचा असंल,’ असे म्हणतो. हा आक्षेप मोलाचा आहे आणि तो दडपू नये. त्या मुलालाच विचारावे की, मग आता कोठे जाऊन पाहावे? माळाच्या पार टोकाला जेथे झाडच नाही तेथे, विहिरीच्या कठड्याजवळ, डोंगराच्या उघड्या सोंडेवर, असे मुलेच सुचवितात. कोकणातील मुले तर समुद्राचे नाव घेतील. भर समुद्रात झाड नसते आणि वारा तर तेथे जमिनीवरच्याहून जोराचा असतो. दुसरी एक सोपी पडताळणी अशी : लहान रोपट्याची फांदी एका मुलाने हाताने घट्ट धरून ठेवावी आणि दुसऱ्याने तिच्याजवळ पट्टी धरावी. फांदी हलत नाही, पट्टी उडते.

या कृतीला एक पूर्ण दुपार जाते. ती गेली म्हणून हळहळू नये.

दिशा

वाऱ्याची दिशा ओळखण्याची साधने गावातील प्रत्येकाला ठाऊक असतात. चिमूटभर माती सोडणे, ओले बोट वर धरणे, धुराकडे पाहणे ही ती साधने. नाव देताना मात्र मोठी माणसेही चुकतात. वारा ज्या दिशेकडून येतो तिचे नाव त्याला दिले जाते, ज्या दिशेकडे जातो तिचे नव्हे. पाहुणा साताऱ्याहून आला तर आपण त्याला साताऱ्याचा पाहुणा म्हणतो, तो पुढे कोठेही जाणार असो. या उदाहरणाने मुलांच्या हे चटकन ध्यानात येते. आठ दिशांची नावे याच निमित्ताने पक्की करून घ्यावीत. वायव्य हे नाव वायूवरून पडले, कारण त्या दिशेचा दिक्पाल वायू मानला आहे, हे सांगितल्यास मुले ते नाव विसरत नाहीत.

वातदर्शक तयार करणे सोपे आहे. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाचा वीत-दीड वीत तुकडा घ्यावा. एका टोकाला चीर पाडून तळहाताएवढा पुठ्ठा शेपूट म्हणून बसवावा, दुसऱ्या टोकाला दोन बोटांएवढे त्रिकोणी तोंड बसवावे. बोटावर तोलून मध्य काढावा व तेथे टाचणी आरपार घालून, खाली एक मणी ओवून, ती काठीच्या टोकात रोवावी. तोंडाची बाजू हलकी पडत असेल तर तिला शाडूची गोळी लावावी. शेपूट तोंडाहून मोठे असलेच पाहिजे. वारा शेपटीला ढकलून मागे नेतो आणि तोंड वाऱ्याकडे वळते.

शेपटीविषयी इतक्या आग्रहाने लिहिण्यास कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रस्तुत लेखकाने पत्र्याचा एक डौलदार कोंबडा कापून शाळेच्या आढ्यावर बसविला होता. तुरा, गळा, छाती सर्व ऐसपैस, आणि शेपटी म्हणून एक बारीक पट्टी. ‘कोंबड्याची चोच जिकडे, तिकडून वारा,’ असे वर्गाला सांगून रोजची नोंद सुरू केली. आषाढातील एका सकाळी चोच पूर्वेकडे होती. ‘आज वारा पूर्वेचा,’ असे म्हणून मी फळ्यावर लिहीत असता तिसरीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘गुरुजी, वारा मावळतीचा हाय. झड मागल्या खिडकीतनं येती. तुमचं कोंबडं चुकतंय.’ वर्ग हसला. मी तिला खाली बसविले आणि नोंदवहीत पूर्व असेच लिहिले. मागच्या खिडकीखालची फरशी त्या वेळी ओली होती आणि ती मला दिसतही होती.

शाळा सुटल्यावर अंगणात रुमाल धरून पाहिला. वारा पश्चिमेचा होता. कोंबड्याची छाती शेपटीहून मोठी असल्यामुळे तो पहिल्या दिवसापासून वाऱ्याकडे पाठ करून उभा राहत होता, आणि आम्ही नऊ दिवस उलट्या नोंदी करीत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष कोंबडा उतरविला, चूक कोणाची ते सांगितले आणि त्या मुलीच्या हातून नऊही नोंदींवर काट मारविली. तथापि तिने त्यानंतर त्या सहामाहीत आपण होऊन कशालाही बोट वर केले नाही. कोंबड्याला मोठी शेपटी लावणे अर्ध्या तासाचे काम होते.

वातदर्शक बसविल्यावर आठ-दहा दिवस तरी तो माती, धूर आणि रुमाल यांच्याशी ताडून पाहण्याचे काम मुलांकडे सोपवावे, आणि तो चुकतो असे म्हणणाऱ्याला आधी बाहेर नेऊन दाखवावयास सांगावे.

वर्षाची नोंदवही

वर्गात वाऱ्याची एक नोंदवही ठेवावी. परिपाठाच्या वेळी व शाळा सुटताना अशा दिवसातून दोन नोंदी पुरेत. आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते, हे या कामी फार सोयीचे आहे. त्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे आलेले असतात किंवा येण्याच्या बेतात असतात, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत पश्चिम-नैर्ऋत्येच्या नोंदीच बहुधा अधिक होतात. दिवाळीच्या सुट्टीच्या मागेपुढे वारा मंदावतो, दिशा बदलू लागते आणि हिवाळ्यात पूर्वेच्या व ईशान्येच्या नोंदी वाढतात. मोसमी वाऱ्याची माघार मुलांनी आपल्याच वहीत पाहावी, याहून भूगोलाचा चांगला आरंभ दुसरा नसेल. मात्र डोंगराच्या कुशीतील किंवा दरीच्या तोंडावरील गावात वाऱ्याची चाल निराळी असू शकते. पुस्तकात ईशान्य लिहिले आहे म्हणून वहीतील दक्षिण खोडू नये.

समुद्रकाठच्या शाळांत एकाच दिवसात दोन दिशा मिळतात. दुपारी समुद्रावरून येणारे ते खारे वारे आणि रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारे ते मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळी पहाटेच्या मतलईवर बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतण्याचा परिपाठ असे. एखाद्या वृद्ध खलाशाला शाळेत बोलावून हे त्याच्या तोंडून ऐकवावे. पावसाळ्यात हा फरक स्पष्ट दिसत नाही; हिवाळ्याचे व उन्हाळ्याचे स्वच्छ दिवस निवडावेत.

जोर

वेग मोजण्याचे यंत्र शाळेत नसले तरी अडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने केवळ डोळ्यांनी पाहून वाऱ्याचा जोर ठरविण्यासाठी शून्यापासून बारापर्यंत पायऱ्यांची श्रेणी तयार केली. त्याने ती जहाजाच्या शिडांवरून बसविली होती; पुढे ती जमिनीवरील खुणांना लावण्यात आली. आपल्या मुलांना तिच्या पहिल्या सहा-सात पायऱ्या पुरतात. धूर सरळ वर जातो ते शून्य. धूर कलतो पण वातदर्शक फिरत नाही, तो एक. तोंडाला वारा जाणवतो आणि पाने सळसळतात तो दोन, म्हणजे ताशी सहा ते अकरा किलोमीटर. पाने व कोवळ्या डहाळ्या एकसारख्या हलतात आणि काठीला बांधलेला रुमाल फडकतो तो तीन. धूळ व कागद उडतात तो चार, ताशी वीस ते अठ्ठावीस किलोमीटर. लहान झाडे डोलू लागली की पाच. मोठ्या फांद्या हलतात, तारा घोंगावतात, छत्री सांभाळत नाही, तो सहा. हा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वारा होय.

पानांची खूण आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या झाडावरून घ्यावी. पिंपळाच्या पानाचा देठ लांब व लवचीक असल्यामुळे ते जवळजवळ नसलेल्या वाऱ्यातही थरथरते, आणि पिंपळावर विसंबणाऱ्या वर्गाच्या नोंदी नेहमी एक पायरी वर जातात.

सहा लिहिण्याजोगा वारा सुटला, तर नोंद खिडकीतून करावी. मुलांना बाहेर, विशेषतः झाडाखाली किंवा पत्र्याच्या छपराजवळ उभे राहू देऊ नये. ढगांचा गडगडाट होत असेल तर मैदानावरील कोणतीही कृती तत्काळ थांबवावी. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे होते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. त्या भागातील मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्या दिवसाची हकीकत ऐकून येण्यास सांगावे आणि तो वारा श्रेणीत कोठे बसेल, ते त्यांनाच ठरवू द्यावे.

वाऱ्याचे काम

मळणी यंत्रे आल्यापासून गावोगावची खळी उठली. आजच्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या मुलांनी उफणणी पाहिलेली नसते. परंतु ती करणारे हात अद्याप गावात आहेत. एखाद्या आजीबाईंना मानाने शाळेत बोलवावे. दोन पायल्या न पाखडलेली ज्वारी किंवा बाजरी, एक सूप, खाली अंथरावयास गोणपाट आणि उभे राहण्यास तिवई, एवढे पुरे. एका शाळेत असा पाठ चालू असता वारा मध्येच पडला. आजी सूप खाली घेऊन उभ्या राहिल्या. एका मुलीने विचारले, ‘आजी, आता काय करायचं?’ ‘वाट बघायची, बाळा. लईच खोळंबा झाला तर दोघांनी चादर धरून हालवायची.’ मुलांनी लगेच सतरंजीची दोन टोके धरली. मासोळ्यांच्या शर्यतीत जे कळले होते ते त्यांनी कोणीही न सांगता वापरले.

दाणे पायाशी पडतात, भूस पुढे जाऊन पडते. दोन्ही ढिगांतील अंतर मुलांनी पावलांनी मोजावे आणि त्या दिवशीच्या जोराच्या आकड्याशेजारी लिहावे. दोनच्या वाऱ्यात व चारच्या वाऱ्यात हे अंतर किती बदलते, हे पाहण्यासारखे असते. उफणणी सुरू होण्यापूर्वी, ‘आता आपापल्या जागा धरा,’ एवढेच सांगावे. ज्यांना दिशेचा पाठ समजला ती मुले वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसतात; उरलेल्यांच्या डोक्यावर भूस पडते. याहून निराळी परीक्षा घेण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यात रुईची बोंडे उकलली की ‘म्हाताऱ्या’ उडतात. त्या पकडण्याचा खेळ मुले खेळतातच. एका म्हातारीचे बी काढून घेऊन व दुसरीचे तसेच ठेवून दोन्ही एकदम सोडाव्यात. भिरभिरे तर प्रत्येक मुलाने करावेच. ते वाऱ्याच्या समोर धरले तर फिरते आणि आडवे धरले तर थांबते, हे मुलाला खेळता खेळता कळते. सातारा जिल्ह्यातील वणकुसवड्याच्या पठारावर उभ्या असलेल्या वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्यांनाही हेच करावे लागते. त्यांचे डोके यंत्राने वाऱ्याकडे वळविले जाते. श्रेणीतील तिसऱ्या पायरीच्या सुमारास त्या वीज देऊ लागतात आणि फार मोठ्या वादळी वाऱ्यात मुद्दाम बंद केल्या जातात. सहल त्या बाजूस जात असेल तर मुलांनी आपली भिरभिरी बरोबर न्यावीत.

मग वारा कोण करतो?

झाड नाही, तर कोण? हा प्रश्न आता मुलेच विचारतात. पहिली-दुसरीत तो प्रश्न तसाच ठेवावा. सूर्यामुळे, असे तोंडी सांगून टाकण्यात काही साधत नाही. चौथीत मात्र एक पाऊल पुढे जावे. कागदाची गोल चकती नागमोडी कापून तिचा साप करावा आणि तो दोऱ्याने पेटत्या दिव्याच्या वर हातभर अंतरावर धरावा. साप फिरू लागतो. दिवा व साप शिक्षकाने स्वतः हाताळावेत आणि जवळ पाण्याचे भांडे ठेवावे. आहार शिजविण्याची खोली तापलेली असताना तिचे दार थोडे किलकिले करून चौकटीच्या वरच्या व खालच्या टोकाशी उदबत्ती धरावी. वर धूर बाहेर जातो, खाली आत येतो. तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा धावते, हे एवढ्यावरून मुलांना सांगता येते. एका वाटीत वाळू व एका वाटीत पाणी तासभर उन्हात ठेवून हात लावून पाहिला की जमीन पाण्याहून लवकर तापते, हेही कळते. आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून का येतो, हे मुले स्वतःच जुळवितात. मोसमी वाऱ्यातही जमीन तापण्याचा भाग मोठा असला, तरी त्यात पृथ्वीच्या फिरण्यासारख्या इतर गोष्टी मिसळतात. चौथीत उल्लेखापुरते थांबावे.

देशावरील मुलांना वावटळीचे कुतूहल असते आणि भीतीही. तिच्यात भूत असते असे घरी ऐकलेले असते. त्या समजुतीची थट्टा केली, तर मूल घरचे खरे की शाळेतले या पेचात पडते. त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये जितक्या वावटळी दिसतील तितक्यांची वेळ आणि जागा नोंदवहीत लिहवून घ्यावी. नांगरलेले किंवा उघडे रान, भर दुपार, कडक ऊन, अशाच नोंदी बहुतेक येतात. दिव्यावरचा साप ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या ध्यानात पुढचे येते.

उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी वातदर्शक उतरवून घ्यावा. खिळा लोखंडी असल्यास त्याला तेलाचे बोट फिरवावे, पुठ्ठ्याची शेपटी बहुधा नवीन करावी लागते. नोंदवही कपाटात ठेवताना तिच्या मागे दोन कोरी पाने शिल्लक आहेत ना, हे पाहून घ्यावे; जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या दिवसाची नोंद त्यांवर नव्या तिसरीच्या मुलांनी करावयाची असते, आणि नवी वही येण्यास कधीकधी आठवडा लागतो.